कमला सोहोनी

डॉ. कमला सोहोनी, पूर्वाश्रमीच्या कमला भागवत (१९११, इंदूर – १९९८), या भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या भगिनी होत.

वडील व काका दोघेही रसायनशास्त्राचे पदवीधर. कमलाबाईंनी १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी मिळवली. तरीही बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने केवळ स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. संचालक सी. व्ही. रामन यांच्याकडे त्यांनी दाद मागितली आणि सत्याग्रहाची तयारी दर्शवली. अखेर सशर्त प्रवेश मिळाला: पहिले वर्ष परिवीक्षेचे, मार्गदर्शक सांगतील तर रात्रीही काम, आणि प्रयोगशाळेतील वातावरण बिघडवायचे नाही. ही शेवटची अट आज वाचतानाही खटकते. वर्षभरात रामन यांचे मत पालटले व पुढे संस्थेत स्त्रियांना प्रवेश मिळू लागला.

त्यानंतर केंब्रिज येथे रॉबिन हिल यांच्यासमवेत वनस्पतींच्या ऊतींवर काम करताना त्यांना बटाट्यात सायटोक्रोम सी हे प्रथिन आढळले. ते वनस्पतींच्या सर्वच पेशींत असते, असे त्यांनी प्रतिपादन केले. पेशीतील तंतुकणिकांना दोन पटले असतात. सायटोक्रोम सी आतल्या पटलाच्या बाहेरील बाजूस राहून एका प्रथिनसमूहाकडून दुसऱ्याकडे एकेक इलेक्ट्रॉन पोहोचवते. इलेक्ट्रॉनांच्या या प्रवासात मुक्त होणाऱ्या ऊर्जेमुळे प्रोटॉन पटलापलीकडे ढकलले जातात. पटलातून त्यांना सहजासहजी परतता येत नाही. एका विशिष्ट विकरातून ते परत येतात, तेव्हा पेशीला लागणारे एटीपी तयार होते. एखाद्या धरणाचे पाणी जनित्रातून सोडावे, तसाच हा प्रकार. प्रोटॉनांच्या या वहनाची कल्पना पीटर मिचेल यांनी १९६१ साली मांडली आणि १९७८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. कमलाबाईंचे संशोधन त्याच्या दोन दशके आधीचे. अवघ्या ४० पानांच्या प्रबंधावर १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली.

मायदेशी परतल्यावर त्यांनी दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात व कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत काम केले. १९४७ साली मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईस आल्या. येथील विज्ञान संस्थेत त्यांनी कडधान्ये व नीरा यांच्या पोषणमूल्यांचा अभ्यास केला. नीरेवरील संशोधनासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. प्रयोगशाळेतील ज्ञान स्वयंपाकघरापर्यंत जावे, ही तळमळ त्यांना अखेरपर्यंत होती. ग्राहक चळवळीत राहून त्यांनी अन्नभेसळीविरुद्धही काम केले. १९९८ साली दिल्लीत त्यांच्या सत्काराच्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचे निधन झाले.