रिल्के यांच्या रंगप्रतिमा आणि सेझान

प्राग येथे १८७५ मध्ये जन्मलेले जर्मन कवी रायनर मारिया रिल्के १९०० मध्ये वोर्प्सवेडच्या चित्रकारांत राहिले. शिल्पकार क्लारा वेस्टहॉफ यांच्याशी १९०१ मध्ये त्यांचा विवाह झाला; पुढे पॅरिसमध्ये काही काळ ते रोदँचे सचिव होते. ऑक्टोबर १९०७ मध्ये सेझानच्या मरणोत्तर प्रदर्शनाला ते वारंवार गेले आणि तेथील रंगांविषयी क्लारा यांना पत्रे लिहीत राहिले. त्यांच्या रंगप्रतिमांचे सारे श्रेय या प्रदर्शनाला देणे मात्र कालानुक्रमात बसत नाही. निळ्या हायड्रेंजियावरील कविता १९०६ मधील आहे. विटत जाणारा निळा रंग तीत जुन्या पत्राच्या कागदाशी, धुऊन फिकटलेल्या बालवस्त्राशी जोडला जातो; रंग हे विशेषण न राहता सरलेल्या काळाचे माप होते. आधीच घडलेल्या या दृष्टीला सेझानच्या चित्रांनी पुष्टी दिली, असे म्हणणेच सयुक्तिक ठरेल. रिल्के १९२६ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये निवर्तले.