सुरांना किल्ली देणारा साधू

पाश्चात्य संगीताचे छापील पान उघडले म्हणजे प्रत्येक ओळीच्या आरंभी एक वळणदार चिन्ह दिसते. त्यास क्लेफ म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ किल्ली. ही किल्ली नसेल तर पुढच्या पाच रेषा मुक्याच. कोणत्या रेषेवर कोणता सूर, हे कळणारच नाही. ती रूढ करणाऱ्या ग्वीदो या इटालियन साधूचे चरित्र मला फार जवळचे वाटते.

दहाव्या शतकाच्या अखेरीस जन्मलेला ग्वीदो पोम्पोझा येथील बेनेडिक्टाईन मठात राहत असे. त्या काळी प्रार्थनागीते गुरूच्या तोंडून ऐकूनच पाठ करावी लागत. शब्दांच्या माथ्यावर खुणा असत. पण त्यांवरून सूर चढतो की उतरतो एवढेच बहुधा समजे, किती ते समजत नसे. सारी गीते येण्यास दहा-दहा वर्षे लागत, आणि गुरू समोर नसला की शिष्याची वाचा बंद!

ग्वीदोने यावर तोड काढली. रेषा आणि त्यांमधील जागा, दोहोंना त्याने एकेक सूर नेमून दिला. ‘एफ’ सुराची रेषा तांबडी, ‘सी’ सुराची पिवळी आणि रेषेच्या आरंभी ते अक्षर. तीच किल्ली होय. एका सुराचे ठिकाण ठरले की बाकीचे पायरीपायरीने आपोआप सापडतात.

मठातील सोबत्यांना हे रुचले नाही. त्यांच्या मत्सराला कंटाळून तो १०२५ च्या सुमारास आरेत्झो गावी गेला. तेथे बिशप थिओडाल्डने त्याच्याकडे गायकांच्या शिक्षणाचे काम सोपविले. ‘मायक्रोलोगस’ हा त्याचा ग्रंथ तेथलाच. पुढे पोप एकोणिसावे जॉन यांनी त्याला रोमला बोलाविले. कधी न ऐकलेली ओळ पोपना स्वतः वाचून गाता आली! मात्र रोमचा दमट उन्हाळा न सोसल्याने ग्वीदो तेथून निघाला. पोम्पोझाच्या मठाधिपतीलाही अखेर पश्चात्ताप झाला. मायकेल या बंधूस लिहिलेल्या पत्रात ग्वीदोने उट, रे, मी, फा, सोल, ला ही अक्षरेही दिली. ती एका लॅटिन स्तोत्राच्या चरणांच्या आरंभीची आहेत.

लेखनिकांच्या हातून किल्लीच्या अक्षरांना शतकानुशतके वळणे पडत गेली. आज व्हायोलिनसाठी ‘जी’ची, खर्जातल्या सुरांसाठी ‘एफ’ची आणि व्हायोलासाठी ‘सी’ची किल्ली वापरतात. किल्ल्या अनेक कशाला? प्रत्येक वाद्याचे सूर शक्यतो पाच रेषांतच मावावेत, म्हणून.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. वडिलांना अक्षरओळख नाही. पण गावच्या भजनी मंडळातल्या कितीतरी चाली त्यांना मुखोद्गत आहेत. कंठातली विद्या थोर, याबद्दल शंका नाही. त्यांच्या गळ्यातली हरकत कोणत्याही रेषेवर नीट बसायची नाही. परंतु कंठातली विद्या माणसाबरोबर जाते, आणि ती कोणाला द्यायची हे कंठाचा मालक ठरवतो. लिहिलेली विद्या वाचणाऱ्याची जात, कुळ वा घराणे विचारत नाही. ग्वीदोवर त्याचे सोबती का चिडले असतील, याचा मला थोडासा उलगडा होतो. त्याने सुरांचे कुलूप उघडले आणि किल्ली प्रत्येक ओळीच्या दारातच ठेवून दिली.