सर्पगंधाची गोळी जगाच्या नकाशावर नेणारा मुंबईचा डॉक्टर

आज बीपीची गोळी अंबरनाथच्या गल्लीतल्या मेडिकलमध्येही मिळते. पण 1945 साली खुद्द अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. त्यांचं बीपी प्रचंड वाढलेलं होतं आणि ते उतरवणारं खात्रीचं औषध डॉक्टरांकडे नव्हतं.

तेव्हा बीपीवर काय द्यायचे? गुंगीची औषधं. त्यातल्या बार्बिट्युरेट गोळ्यांचा डोस जरा चुकला की श्वासच थांबायचा.

याच काळात मुंबईत डॉ. रुस्तम जाल वकील काम करत होते. 1911 चा जन्म, लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण. मुंबईत परतल्यावर ते केईएममध्ये हृदयरुग्ण बघू लागले. त्यांचं लक्ष गेलं सर्पगंधाकडे.

ही मुळी बिहारमध्ये वेडावरचं औषध म्हणून विकली जायची. ती मन शांत करते आणि बीपीही उतरवते, हे सेन आणि बोस या डॉक्टरांनी 1931 मध्येच मांडलं होतं. वकीलांनी त्यावर विसंबून न राहता मुळीपासून बनवलेल्या गोळ्या 50 रुग्णांना दिल्या आणि प्रत्येकाचं बीपी मोजून ठेवलं. 1949 मध्ये हा अभ्यास ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापून आला.

मग चक्रं फिरली. बोस्टनच्या डॉ. विल्किन्स यांनी हे औषध अमेरिकेत वापरून पाहिलं. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने मुळीतून रिसर्पिन वेगळं काढलं. मनोरुग्णांच्या वॉर्डातही ते पोहोचलं. 1957 मध्ये वकीलांना अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला, पुढच्याच वर्षी पद्मभूषण.

पण गोष्ट इथे संपत नाही. वापर वाढला तसे दुष्परिणामही दिसू लागले. सतत झोप, चोंदलेलं नाक, मंदावलेली नाडी. मोठ्या डोसवर असलेल्या काही रुग्णांना खोल नैराश्य आल्याच्या नोंदी झाल्या. गोळी बंद केली तरी तिचा असर बरेच दिवस टिकायचा. पुढे जास्त सुरक्षित औषधं आली आणि रिसर्पिन मागे पडलं.

1974 मध्ये वकील गेले. झाडपाल्याचं आहे म्हणजे अपाय नाही, असं आजही घरोघरी ऐकू येतं. मुळी तीच, गुणही तोच, पण ती तारते की मारते हे डोस आणि देखरेख ठरवते. म्हणून झोपेची किंवा गुंगीची गोळी, मग ती आयुर्वेदिक असली तरी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.