इंजिनाचा ठसका थांबवणाऱ्या बीट्रिस शिलिंग

जत्रेतला उंच पाळणा खाली येऊ लागला की पोटात गोळा येतो. शरीर खाली निघते, पण पोटातले अवयव क्षणभर मागे राहिल्यासारखे होतात. लढाऊ विमानाचे नाक एकदम खाली दाबले की हेच फार जोरात घडते आणि वैमानिकाचे रक्त डोक्याकडे चढते. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला ब्रिटनच्या स्पिटफायर आणि हरिकेन विमानांत रक्ताबरोबर पेट्रोलही वर उसळत असे आणि ऐन लढाईत इंजिन गचके खात असे. या दुखण्यावर उतारा शोधला बीट्रिस शिलिंग यांनी.

त्यांचा जन्म ८ मार्च १९०९ रोजी इंग्लंडमधील हॅम्पशायर परगण्यात झाला. चौदाव्या वर्षी त्यांनी मोटारसायकल घेतली आणि यंत्रांची आवड पक्की झाली. मँचेस्टर विद्यापीठातून १९३२ मध्ये त्यांनी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी मिळवली आणि त्यानंतर मेकॅनिकल शाखेत एम.एस्सी. केले. १९३४ मध्ये ब्रुकलँड्सच्या शर्यतमार्गावर त्यांनी ताशी १०० मैलांहून अधिक वेगाने मोटारसायकल पळवून सुवर्णतारा पटकावला. १९३६ मध्ये त्या फार्नबरो येथील सरकारी विमान संशोधन संस्थेत दाखल झाल्या.

स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनात पेट्रोल कार्बोरेटरमधून जाई. विमान झटकन खाली वळले की कार्बोरेटरच्या टाकीतले पेट्रोल वरच्या बाजूला जाई आणि इंजिनाला क्षणभर उपासमार घडे. खरा धोका पुढे होता. तरंगता गोळा उलटा फसे, झडप उघडीच राहे आणि पंप पेट्रोल ओतत राही. घशात एकदम पाणी गेल्यावर लागतो तसा इंजिनाला ठसका लागे. जर्मन मेसरश्मिट विमानांत पेट्रोल थेट इंजिनात फवारले जात असल्याने त्यांना हा त्रास नव्हता. ती सरळ खाली झेपावून निसटत. ब्रिटिश वैमानिकांना मात्र पाठलागासाठी आधी विमान उलटे करावे लागे. त्यात मोलाचे क्षण जात.

शिलिंग यांचे निदान नेमके होते. पूर्ण ताकदीने चालणाऱ्या इंजिनाला लागेल तेवढेच पेट्रोल पुढे जाऊ द्यायचे, थेंबभरही जास्त नाही. त्यासाठी त्यांनी पेट्रोलच्या वाटेत मोजून भोक पाडलेला छोटासा पितळी तुकडा बसवला. पुढे त्याची साधी चकती झाली. ती बसवायला विमान लढाईतून काढून घ्यावे लागत नसे. १९४१ च्या सुरुवातीला शिलिंग आणि त्यांचे सहकारी तळातळांवर जाऊन हे काम करत होते. वैमानिकांनी थट्टेने त्या चकतीला त्यांचेच नाव दिले.

हा आजार मुळापासून बरा झाला नव्हता. सुरुवातीचा क्षणभराचा गचका उरलाच. नव्या धर्तीचे कार्बोरेटर आल्यावर तोही गेला. पण तोवर रोज आकाशात जाणाऱ्यांना आजचा उपाय आजच हवा होता.

युद्धानंतरही शिलिंग फार्नबरोतच राहिल्या आणि १९६९ मध्ये निवृत्त झाल्या. १९६७ मध्ये डॅन गर्नी यांच्या ईगल या शर्यतीच्या मोटारींचे इंजिन फार तापू लागले, तेव्हाही त्यांचीच मदत घेतली गेली. १९९० मध्ये त्यांचे निधन झाले. आज संगणकावर स्पिटफायर उडवणाऱ्या मुलांचे इंजिन नाक खाली दाबताच खोकू लागले, तर तो खेळातला बिघाड नसतो. शिलिंग यांनी ओळखलेले जुने दुखणेच तिथे जसेच्या तसे उतरवलेले असते.