केंद्राचा पैसा राज्यांत कसा वाटायचा? हे गणित घालून देणारे धनंजयराव गाडगीळ

पंचवार्षिक योजनांसाठी केंद्र राज्यांना पैसे द्यायचं, पण कुणाला किती, याचं १९६९ पर्यंत ठरलेलं सूत्र नव्हतं. प्रत्येक योजनेसाठी वेगळी बोलणी व्हायची. दिल्लीत आपलं वजन कमी पडतं, ही तक्रार नेहमीचीच. ती मिटवायची जबाबदारी आली धनंजयराव गाडगीळांवर.

गाडगीळांचा जन्म १९०१ चा, शिक्षण केंब्रिजचं. १९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली, तिचे ते पहिले संचालक. पण हा माणूस पुस्तकांत अडकून पडला नाही. नगर जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांना जमवून प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभारला, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष झाले गाडगीळ. ऊस पिकवणाराच कारखान्याचा मालक, म्हणजे नफा बाहेर जायचा प्रश्नच नाही. उत्पादन वाढतंय हे ठीक, पण पैसा कुणाच्या घरात जातोय, हे त्यांनी तिथे जवळून पाहिलं.

१९६७ मध्ये ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले आणि तोच प्रश्न देशाच्या पातळीवर समोर आला. १९६९ मध्ये 'गाडगीळ सूत्र' मंजूर झालं. आसाम, नागालँड आणि जम्मू-काश्मीर यांचा वाटा आधी बाजूला काढायचा. उरलेल्या रकमेतले ६० टक्के लोकसंख्येनुसार. मग प्रत्येकी १० टक्के चार गोष्टींसाठी: कमी दरडोई उत्पन्न, राज्यानं करवसुलीसाठी केलेले प्रयत्न, सुरू असलेले मोठे पाटबंधारे आणि वीज प्रकल्प, आणि राज्याच्या खास अडचणी.

वशिल्याच्या जागी नियम आला, ही मोठीच गोष्ट. पण गरिबीसाठी थेट राखलेले फक्त १० टक्के, हे कमीच होतं. जिथे मोठे प्रकल्प आधीच सुरू होते, त्या राज्यांनाही तेवढेच १० टक्के! शिवाय या मदतीत ७० टक्के कर्ज आणि ३० टक्केच अनुदान. म्हणजे गरीब राज्याच्या डोक्यावर परतफेडीचं ओझं होतंच. अर्थात, सगळ्या मुख्यमंत्र्यांना मान्य होईल असं सूत्र काढायचं, तर तडजोड अटळ होती.

गाडगीळांनी १९७१ मध्ये पद सोडलं आणि त्याच वर्षी मे महिन्यात त्यांचं निधन झालं. पुढे १९८० मध्ये सूत्र बदललं. प्रकल्पांचे १० टक्के काढून गरीब राज्यांच्या वाट्यात टाकले, तो २० टक्के झाला.