कीर्तनकार कवी नारायण वामन टिळक

आपल्या स्मरणिकेत ज्ञातीतील थोर पुरुषांची नामावली छापण्याचा प्रघात आहे. ती नामावली आम्ही अनेक वर्षे वाचीत आलो, परंतु कै. नारायण वामन टिळक यांचे नाव तीत आम्हांस कधी आढळले नाही. कारण सर्वांस ठाऊक आहे, आणि बहुधा म्हणूनच त्याचा उच्चार कोणी करीत नाही. टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि ज्ञातीने त्यांस आपल्या हिशेबातून वजा केले.

अध्यापनाच्या काळात त्यांची 'केवढे हे क्रौर्य' ही कविता आम्ही किती वर्गांस शिकविली याची गणती नाही. घायाळ पक्षीण आपल्या पिलांकडे परतते, तो प्रसंग वाचताना दांडगी मुलेही गप्प होत. एकदा एका विद्यार्थ्याने विचारले, की कवीच्या नावामागे रेव्हरंड लिहिले आहे आणि आडनाव तर टिळक, हे कसे? आम्ही तासाची घंटा होण्याची वाट पाहत काहीतरी त्रोटक उत्तर दिले. ते उत्तर अपुरे होते, हे आम्हांस तेव्हाही कळत होते.

टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे ६ डिसेंबर १८६१ रोजी झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते व अत्यंत तापट होते. मातोश्री जानकीबाई सात्त्विक व भाविक. आईचे छत्र लहानपणीच हरपले. पुढे नारायणराव नाशकास गेले व तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृत आणि काव्यशास्त्र शिकले. १८८० साली नाशिकजवळील जलालपूरच्या गोखल्यांची कन्या मनकर्णिका हिच्याशी त्यांचा विवाह झाला. याच त्या 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक.

नोकरी टिळकांस फार दिवस मानवत नसे. आज या गावी शिक्षक, उद्या दुसऱ्या गावी. मध्येच कीर्तन, पुराण, व्याख्यान. नागपुरास त्यांनी आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने विद्याव्यासंग केला. हातात पैसा आला की तो मागणाऱ्याच्या हाती जाई, आणि घरात काय शिजणार हा प्रश्न पत्नीपुढे उरे. लक्ष्मीबाईंनी हे सारे इतक्या निर्मळ विनोदाने लिहिले आहे, की वाचताना हसू येते आणि मग त्या हसण्याची थोडी लाज वाटते.

१८९३ साली नागपुराहून राजनांदगावी आगगाडीने जात असता एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांस 'नवा करार' भेट दिला. दिला शब्द पाळावा, एवढ्याच हेतूने त्यांनी तो वाचावयास घेतला. परंतु येशूचे डोंगरावरील प्रवचन आले आणि पुस्तक हातावेगळे होईना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस भायखळ्याच्या अमेरिकन मिशनच्या देवळात रेव्हरंड तुकाराम नथोजी यांच्याकडून त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लोभाने धर्म सोडला, असे बोलणारे तेव्हा पुष्कळ होते. ज्या मनुष्याच्या गाठी आयुष्यभर चार पैसे टिकले नाहीत, त्याच्यावर लोभाचा आरोप कसा चिकटावा, हे आम्हांस उमगत नाही.

या निर्णयाची झळ मात्र पत्नीस बसली. पदरी लहानगा दत्तू आणि पती जिवंत असून दुरावलेला, अशा अवस्थेत लक्ष्मीबाईंनी सुमारे साडेचार वर्षे आप्तांकडे काढली. थोरली बहीण भिकुताई व पेंडसे मंडळी यांनी त्यांस पंखाखाली घेतले, हे आपल्या ज्ञातीच्या बाजूने आवर्जून नोंदविले पाहिजे. पुढे त्या पतीकडे अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, गेल्या. तरी प्रथम त्यांचे सोवळे व स्वयंपाक निराळाच असे. टिळकांनी त्यांच्यावर बळजबरी केली नाही. लक्ष्मीबाईंच्या मनातून आधी जातिभेद गेला, आणि मग १९०० साली त्यांनी आपल्या विचाराने ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

टिळकांचे खरे कार्य आम्हांस दिसते ते संगीतोपासनेत. त्या काळी ख्रिस्ती देवळांतून इंग्रजी गीतांची भाषांतरे परक्या चालींवर म्हटली जात. मराठी माणसाच्या कानाला व गळ्याला ती परकीच राहत. नगरच्या मिशनमध्ये कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा पाया टिळकांच्या आधीच घातला होता. टिळकांनी त्यावर मजबूत इमारत उभी केली. अभंग, ओवी, पद, आख्यान ही आपली परंपरागत साधने हाती घेऊन त्यांनी शेकडो भक्तिगीते रचिली. टाळ व तबला यांच्या साथीने ख्रिस्ती मंडळी देवाचे नाव घेऊ लागली. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची भावना होती. धर्म बदलला म्हणून आपण देश, भाषा व संतवाणी यांस मुकलो, हे त्यांनी कधीही मानले नाही. १९०४ साली त्यांस धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली, आणि १९१२ पासून त्यांनी 'ज्ञानोदय' पत्राच्या मराठी विभागाचे संपादन केले.

आता आम्हांस सर्वांत प्रिय असलेला प्रसंग सांगतो. १९०७ साली जळगावास पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले. अध्यक्ष डॉक्टर कर्नल कीर्तिकर होते. तेथे धरणगावच्या सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या मुलाने कविता म्हटल्या, आणि त्यास 'बालकवी' ही पदवी मिळाली. पदवी देणे सोपे असते. सभा संपली की देणारे आपापल्या गावी जातात. टिळकांनी या मुलास पुढे नगरास आपल्या घरी ठेवून घेतले. ख्रिस्त्याच्या घरी मुलगा राहणार म्हणजे बाटणार, अशी धास्ती कोणासही वाटावी. परंतु ठोमरे त्या घरात दत्तूच्या जोडीने घरच्या मुलासारखे वावरले, लक्ष्मीबाईंची माया त्यांस लाभली, टिळकांपाशी त्यांच्या काव्यास पोषण मिळाले, आणि ते अखेरपर्यंत हिंदूच राहिले. धर्मोपदेशकाच्या घरात एक कोवळा, परावलंबी मुलगा राहतो आणि त्याच्या धर्मास कोणी हात लावीत नाही, ही गोष्ट आम्हांस टिळकांच्या कोणत्याही कीर्तनाहून मोठी वाटते. 'फुलराणी' आणि 'औदुंबर' लिहिणाऱ्या कवीच्या जडणघडणीत या घराचा वाटा आहे. भास्करराव उजगरे यांच्यासारख्या तरुण ख्रिस्ती कवीसही टिळकांचा असाच आधार होता.

५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ आगगाडीखाली सापडून बालकवींचा अंत झाला. वय अवघे सत्तावीस.

त्यापूर्वीच, १९१७ साली, टिळकांनी मिशनची नोकरी सोडली होती. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे सर्व ख्रिस्तभक्त एकत्र यावेत म्हणून त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापिला व साताऱ्यास मुक्काम केला. हिंदूंनी त्यांस बाहेर काढले होते. आता पुष्कळ ख्रिस्ती मंडळींसही हा मनुष्य आपल्या चौकटीत बसेना. प्रकृती ढासळत गेली, आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या इच्छेनुसार देहाचे दफन न करता दहन झाले, व रक्षा नगरास नेण्यात आली.

त्यांचे ओवीबद्ध 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते. टिळकांनीच अक्षरओळख दृढ करून दिलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे ६४ अध्याय रचिले. १९३६ साली त्या निवर्तल्या.

यंदाच्या नामावलीत टिळक पतिपत्नींची नावे घालावीत, असा लेखी अर्ज आम्ही कार्यकारी मंडळाकडे दिला आहे. मंडळातील काही ज्येष्ठांचे मत निराळे आहे, व ते आम्हांस त्यांनी समक्ष सांगितले. निर्णय वार्षिक सभेत व्हावयाचा आहे; सभासद कुटुंबांनी त्या दिवशी अगत्याने उपस्थित राहावे.