रावबहादूर तालमकी आणि आपल्या बिलातली एक ओळ

आपल्या संस्थेला पंचवीस वर्षं झाली. या निमित्ताने, ज्यांनी मुंबईत सहकारी घराचा पाया घातला त्या रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांची ओळख सभासदांना करून द्यावी असं खजिनदार म्हणून मला वाटलं. ताडदेवची तालमकीवाडी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल; ती त्यांच्याच नावाची.

तालमकींचा जन्म 1859 चा. ते चित्रापूर सारस्वत, म्हणजे आपल्याच किनाऱ्यावर खाली कारवारकडच्या समाजातले. आपल्या चाकरमान्यांसारखीच ही मंडळी पोटासाठी मुंबईत येत. राहायला भाड्याची जागा, आणि मालक सांगेल ते भाडं. 1906 साली तालमकींनी आपले गुरू शामराव विठ्ठल कैकिणी यांच्या नावाने सहकारी पतसंस्था काढली. तीच पुढे शामराव विठ्ठल बँक झाली.

1904 चा सहकार कायदा पतसंस्थांपुरताच होता. 1912 च्या कायद्याने इतर संस्थांनाही वाट मोकळी झाली, आणि 1915 मध्ये गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. आपल्या देशातल्या अगदी पहिल्या गृहनिर्माण संस्थांपैकी ही एक. इमारत संस्थेची, राहणारा सभासद भागधारक. म्हणजे भाडेकरूही आपणच आणि मालकही आपणच!

पण इमारत बांधून भागत नाही, हे तालमकींना ठाऊक होतं. पोटनियम, हिशेब, सभासदाचे हक्क कोणी शिकवायचे? सहकाराच्या शिक्षणासाठी 1918 मध्ये मुंबईत मध्यवर्ती सहकारी संस्था निघाली. सभासदांची वर्गणी आणि सरकारी अनुदान यांवर ती चाले. या कामातही तालमकींनी स्वतःला झोकून दिलं. 1948 साली ते गेले. ती संस्था आज महाराष्ट्र राज्य सहकारी संघ म्हणून चालू आहे. 1960 च्या कायद्याने सहकारी संस्थांनी शिक्षण निधीला वर्गणी द्यावी अशी तरतूदही केली.

आता कळलं ना, बिलातली शिक्षण निधीची ओळ कुठून आली? रक्कम किरकोळ, म्हणून कोणी फारसं विचारत नाही. पण शिक्षण नसलं की काय होतं ते आपण भोगतोय. संस्था नोंदल्यावर चार महिन्यांत जमीन संस्थेच्या नावावर व्हायला हवी होती. आपल्या सातबाऱ्यावर अजून जुनंच नाव आहे. मानीव अभिहस्तांतरणाची सोय 2008 पासून कायद्यात आहे, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत होतं? जमीन नावावर नाही तर उद्या इमारत पाडून नवी बांधायची वेळ आली की अडलंच म्हणून समजा.

म्हणून येत्या वार्षिक सभेत माझी एक सूचना आहे. दरवर्षी दोन सभासदांना प्रशिक्षण वर्गाला पाठवावं, त्यांत एक तरी तरुण असावा, आणि परत आल्यावर त्यांनी बाकीच्यांना शिकवावं. पैसे आपण भरतोच आहोत. त्यांचा उपयोग करून घेऊ या.